क्रायोकूलरचे टोक थंड होते, नमुन्याची चकती होत नाही : जोडणी कशी असावी?

माटुंगा_भौतिकशास्त्र यांचा प्रश्न

नमस्कार. मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो. एका पूर्ण झालेल्या प्रकल्पातला गिफर्ड-मॅकमहॉन जातीचा एकटप्पी क्रायोकूलर (हेलियम वायूवर चालणारे अतिशीत तापमानाचे शीतयंत्र) आमच्या प्रयोगशाळेकडे आला असून त्यावर विद्यार्थ्यांसाठी अतिसंवाहकतेचा प्रयोग उभा करण्याचे काम चालू आहे. नमुना इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा आहे, म्हणजे त्याचा रोध ९२ केल्विनच्या आसपास नाहीसा झाला पाहिजे. पुढे याच नमुन्याचे खिडकीतून सूक्ष्मदर्शकाने निरीक्षणही करायचे आहे. कोल्ड हेडची, म्हणजे यंत्राच्या थंड टोक असलेल्या भागाची, धडधड नमुन्यापर्यंत पोहोचू नये, यासाठी चकती थेट थंड टोकावर न बसवता मधे तांब्याची लवचिक वेणी घातली आहे.

टोकावर काहीही न जोडता यंत्र ३६ केल्विनपर्यंत उतरते, आणि उत्पादकाच्या आलेखानुसार ७७ केल्विनला ते सुमारे २५ वॅट उष्णता ओढू शकते. चकती जोडल्यावर मात्र टोक ४१ केल्विनवर आणि चकती ९६ केल्विनवर स्थिरावते. रात्रभर चालू ठेवले तरी आकडे हलत नाहीत. ज्या तापमानाला पाहण्यासारखे काही घडते, त्याच्या अगदी उंबरठ्यावर येऊन सगळे थांबते.

वेणी लोहार चाळीतून आणलेली, विजेच्या पॅनेलमध्ये वापरतात तशी आहे : छेद ५० चौरस मिलिमीटर, लांबी १८० मिलिमीटर, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले कल्हईचे लग (बोल्टसाठी भोक असलेली जोडपट्टी), आणि प्रत्येक लग स्टेनलेस स्टीलच्या एकेका बोल्टने आवळलेला. सांध्यांत संगणकाच्या प्रोसेसरवर लावतात ती पांढरी पेस्ट आहे. चकती तांब्याची, १२० मिलिमीटर व्यासाची असून ती काचतंतूच्या चार भरीव खांबांवर उभी आहे. निर्वात उत्तम आहे.

वेणी जाड करावी, की लवचिकतेचा विचार सोडून सरळ तांब्याची सळई घालावी? इंडियमची फॉइल आणि ग्रीस यांत काय निवडावे? प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

शून्याजवळ

सर, वेणी बदलण्याआधी एक मोजमाप करून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. टोक आणि चकती यांच्यात ५५ केल्विनचा फरक आहे, हे आपल्याला कळले. परंतु तो फरक वाटेतला अडथळा मोठा असल्यामुळे पडतो आहे की चकतीवर येणारी उष्णताच जास्त आहे, हे त्या एका आकड्यातून कळू शकत नाही. दोन्ही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि त्यांचा खर्चही वेगळा आहे.

चकतीवर १०० ओहमचा एक रोधक घट्ट बसवा आणि त्यातून १०० मिलिअँपिअर प्रवाह सोडा. म्हणजे बरोबर १ वॅट उष्णता चकतीत जाईल. सगळे स्थिर झाल्यावर टोक आणि चकती यांच्यातला नवा फरक नोंदवा. फरकात झालेली वाढ म्हणजे आपल्या जोडणीचा दर वॅटमागचा अडथळा. मूळच्या ५५ ला त्या आकड्याने भागले, की चकतीवर बाहेरून किती वॅट येत आहेत ते समजेल. तांब्याची वाहकता तापमानागणिक बदलते, त्यामुळे हे उत्तर काटेकोर नसेल, पण निर्णय घेण्यापुरते ते पुरेसे असते. शक्य असल्यास वेणीच्या दोन्ही टोकांना, लगच्या आत, तारांवरच आणखी दोन तापमापक लावा. तसे केल्यास सांधे आणि वेणी यांचा वाटा वेगवेगळा दिसेल.

माटुंगा_भौतिकशास्त्र

आपण सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. १ वॅट दिल्यावर फरक ५५ वरून ७३ केल्विनवर गेला. म्हणजे अडथळा दर वॅटला १८ केल्विन आणि चकतीवरचा भार सुमारे ३ वॅट. वेणीवर जास्तीचे तापमापक लावण्याइतक्या वायरी सध्या आत नेता येत नाहीत.

शून्याजवळ

एवढ्यावरही बरेच सांगता येते. शुद्ध तांब्याची उष्णतावाहकता या तापमानाच्या पट्ट्यात मीटर-केल्विनला साधारण ५०० वॅट धरा. १८० मिलिमीटर लांबी आणि ५० चौरस मिलिमीटर छेद यांचा हिशेब केला, तर नुसत्या तांब्याचा अडथळा दर वॅटला ७ केल्विनच्या थोडा वर येतो. आपल्याला १८ मिळाले. उरलेले जवळजवळ ११ केल्विन हे लग, बोल्ट आणि पेस्ट यांच्यात आहेत. म्हणजे धातूपेक्षा सांधेच जास्त उष्णता अडवतात. वेणी दुप्पट जाड केली आणि सांधे तसेच ठेवले, तर १८ चे १४ होतील, याहून जास्त काही हाती लागणार नाही.

सांध्याचे भौतिकशास्त्र विद्यार्थ्यांनाही आवर्जून सांगण्यासारखे आहे. धातूचे दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तरी प्रत्यक्षात ते केवळ काही सूक्ष्म उंचवट्यांवर टेकतात, आणि निर्वातात मधल्या पोकळीतून हवेमार्फत होणारे वहनही नसते. उंचवटे किती चेपले जातील, हे एकूण दाबबलावर आणि धातूच्या कठीणपणावर ठरते. म्हणूनच उघड्या सांध्यात पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढवून फारसे काही साधत नाही. तेच बल मोठ्या जागेवर पसरते एवढेच. बल वाढवावे लागते. मधे इंडियमसारखा मऊ धातू किंवा योग्य ग्रीस आले, की पोकळ्या भरतात आणि मग क्षेत्रफळाचाही उपयोग होऊ लागतो.

आता ३ वॅट कुठून येतात ते पाहू. ३०० केल्विनची काळी भिंत दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट प्रारण सोडते. आपल्या चकतीच्या दोन्ही बाजू मिळून ०.०२३ चौरस मीटर भरतात. पृष्ठभाग चकचकीत असेल तर यातला अगदी थोडा भाग शोषला जाईल. पण हातांचे ठसे, काळवंडलेले तांबे किंवा बर्फाचा पातळ थर असेल, तर एकट्या प्रारणाचेच दोन-तीन वॅट सहज होतात. काचतंतूचे खांब भरीव आहेत असे आपण लिहिले आहे. ते १२ मिलिमीटर व्यासाचे आणि ५० मिलिमीटर उंचीचे असतील, तर चौघे मिळून १ वॅटच्या आसपास आणतील. त्याच बाहेरच्या मापाच्या पातळ भिंतीच्या नळ्या लावल्या, की हा भार निम्म्याहून खाली येईल.

आणि इथे आपल्या यंत्राची शिल्लक क्षमता कामाला येते. टोक ४१ केल्विनवर आहे, म्हणजे ते फारसे दमलेले नाही. पातळ ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे एक प्रारणकवच करून ते थेट टोकाला जोडा, चकतीला जोडू नका. त्याच्यावर बाहेरून ॲल्युमिनियम चढवलेल्या मायलरचे थर सैलसर गुंडाळा. भिंतीची उष्णता कवच झेलेल आणि ती वेणीतून न जाता टोकाकडे जाईल. वेणीतून फक्त खांबांची आणि वायरींची उष्णता वाहील. वायरीही चकतीवर येण्यापूर्वी कवचाला गुंडाळून चिकटवाव्यात, आणि त्या तांब्याऐवजी फॉस्फर ब्राँझच्या किंवा मँगॅनिनच्या बारीक वायरी असाव्यात.

सेवा_अभियंता_ठाणे

मी रुग्णालयांतल्या एमआरआय यंत्रांच्या कोल्ड हेडची देखभाल करतो. तिथे यंत्र ४ केल्विनवर चालते आणि चुंबकाभोवतीच्या द्रव हेलियमची झालेली वाफ पुन्हा द्रव करते. पण सांध्यांच्या बाबतीत शिस्त तीच. त्यामुळे सांध्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

प्रोसेसरची पेस्ट काढून टाका. ती खोलीच्या तापमानासाठी केलेली असते. थंडीत तडकते आणि निर्वातात तिच्यातून वाफा सुटत राहतात. वारंवार उघडायच्या सांध्यासाठी अ‍ॅपिझॉन एन हे ग्रीस चांगले आहे, मात्र ते अत्यंत पातळ लावायचे, पुसल्यासारखे. उत्पादकाने ते ३० अंश सेल्सिअसपर्यंतच वापरायला सांगितले आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसलेल्या खोलीत तापमान त्याच्या वर जाते. तेव्हा बरणी थंड जागी ठेवा, आणि चेंबर तापवून वायू काढण्याची पद्धत असेल तर हे ग्रीस वापरू नका.

कायम राहणाऱ्या सांध्याला माझी पसंती इंडियमला आहे. हा धातू अतिशीत तापमानालाही मऊ राहतो. दोन्ही पृष्ठभाग आधी सरफेस प्लेटवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट करून घ्या. चकाकीपेक्षा सपाटपणा महत्त्वाचा आहे. आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसल्यावर बोट लावू नका. जुने इंडियम असेल तर ते लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, स्टीलच्या पात्याने नको, कारण तांब्यावर उठलेला एक ओरखडासुद्धा नव्या फॉइलला एका बाजूने उचलून धरतो. फॉइल एकाच थराची, सुरकुती नसलेली ठेवा आणि बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळत न्या. इंडियम दाबाखाली हळूहळू वाहते, त्यामुळे तासाभराने पाना लावला की तोच बोल्ट पुन्हा फिरतो. ही दुसरी आवळणी न केल्यास सांधा पहिल्याच थंडीत सैल होतो.

एका लगला एक बोल्ट ही रचना बदलावी. लगचा भोकाजवळचा भागच दाबला जातो आणि बाकीचा पंख्यासारखा उचलला जातो. जाड तांब्याचा ठोकळा आणि त्यावर चार एम-४ बोल्ट असावेत. आटे तांब्यात पाडलेले असतील तर ते काही उघडझापीनंतर घसरतात. त्यात स्टीलचे सर्पिल घाला किंवा आरपार बोल्ट घेऊन मागून नट लावा.

बोल्टच्या डोक्याखाली बेलेव्हिल वॉशर (बशीसारखा खोलगट, स्प्रिंगी वॉशर) अवश्य घाला. ३०० केल्विनपासून अतिशीत तापमानापर्यंत तांबे सुमारे ०.३२ टक्के आकसते, स्टेनलेस स्टील ०.३० टक्के, पितळ ०.३८ टक्के आणि ॲल्युमिनियम ०.४१ टक्के. १० मिलिमीटर जाडीच्या तांब्यावर स्टीलच्या बोल्टचा फरक दोन मायक्रोमीटरचा असतो, तो बोल्टचा ताण पचवतो. आपले कवच ॲल्युमिनियमचे झाले आणि तेवढीच जाडी स्टीलने आवळली, तर फरक दहा मायक्रोमीटरच्या वर जातो आणि आवळलेपणाचा मोठा भाग थंडीत नाहीसा होतो. वॉशर स्प्रिंगसारखा दबून राहतो आणि ती उणीव भरून काढतो. तांब्यासाठी पितळी बोल्टही चालतात. ते तांब्यापेक्षा जास्त आकसतात, म्हणजे थंडीत सांधा आणखी घट्ट होतो. फक्त पितळाची ताकद कमी आहे, हे ध्यानात ठेवून पाना फिरवा.

साकीनाका_गाळा

सर, वेणी आणि लग यांच्याबद्दल एवढेच सांगतो की पॅनेलचा लग विजेसाठी पुरेसा असतो, उष्णतेसाठी नाही. बिनकल्हईची वेणी घ्या. कल्हईच्या वेणीला ब्रेझिंगची आच लागली, की कथील तांब्यात मुरते आणि तांब्याची वाहकता उतरते. वेणीचे टोक तांब्याच्या ठोकळ्यातल्या खाचेत घालून हायड्रॉलिक प्रेसखाली इतके दाबता येते, की तारांमधली हवा निघून ते जवळपास भरीव होते. मग तोंडावर टिगने वेल्डिंग करून फेसिंग करून घ्यावे. डाग देणार असाल तर तो कमीत कमी द्या. झाळ तारांमधून वर चढते आणि वेणीचा तेवढा तुकडा काठीसारखा कडक होतो.

ठोकळ्यासाठी तांबाकाट्याच्या बाजारात विजेच्या कामाची बसबार (तांब्याची जाड पट्टी) मागावी. एसीच्या तांब्याच्या नळ्या चेपून पट्ट्या करण्याचा मोह होतो, पण त्यांच्या तांब्यात फॉस्फरस असतो. नळीला डाग द्यायला ते तांबे बरे, पण ८० केल्विनच्या आसपास त्याची उष्णतावाहकता बसबारच्या तांब्याच्या पाव हिश्श्याइतकीच भरते.

छेद वाढवा आणि लांबी कमी करा. १८० मिलिमीटरची गरज मला दिसत नाही. प्रत्येकी १२० चौरस मिलिमीटरच्या दोन वेण्या ९० मिलिमीटर लांबीच्या घेतल्या, तर नुसत्या तांब्याचा अडथळा ७ वरून पाऊण केल्विनवर येतो.

शून्याजवळ

लांबी कमी करण्याला माझी सहमती आहे; मात्र धडधडीचा विचार करूनच वेणीचा आकार ठरवावा. कोल्ड हेडचा ठोका सेकंदाला साधारण एकदा पडतो. आतल्या हेलियमचा दाब चढतो-उतरतो तसे टोक आपल्या अक्षाच्या दिशेने मागेपुढे होते. ते अंतर दहा मायक्रोमीटरच्या घरातले असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेवढे पुष्कळ झाले. वेणी तिच्या लांबीच्या दिशेने ताठ असते आणि आडव्या दिशेने मऊ. त्यामुळे ती टोकाच्या अक्षात सरळ लावू नये. टोकाच्या बाजूने काढून इंग्रजी यू अक्षरासारखा पोटात सैल वाक द्यावा. थंडीतले आकुंचनही त्या वाकात सामावते. सरळ सळई घातली तर ठोका चकतीवर तसाच जाईल, आणि यंत्र थंड होताना खांबांवर ताण येईल तो वेगळाच.

वेणीइतकेच लक्ष बाहेरच्या बाजूलाही द्यावे लागते. कोल्ड हेडचा वरचा देह चेंबरवर थेट बसवला असेल, तर खालची वेणी कितीही मऊ असली तरी धडधड चेंबरच्या भिंतीतून खांबांकडे आणि खांबांतून चकतीकडे येते. हेडला स्वतंत्र चौकटीवर टांगावे आणि चेंबरशी जोडणी बेलोजने (भात्यासारख्या घड्यांच्या लवचिक धातूच्या नळीने) करावी. इथे एक गोष्ट आधीच हिशेबात घ्या : १५० मिलिमीटर व्यासाच्या बेलोजवर निर्वातामुळे जवळपास १८० किलो वजनाइतके बल हेडला आत ओढते. चौकट ते पेलेल अशी हवी, आणि बेलोज किती दबू शकेल त्याला अडसर हवा. हेलियमच्या होजही लोंबत्या ठेवू नयेत. त्या भिंतीला किंवा जमिनीला एका जागी घट्ट बांधाव्यात, म्हणजे कॉम्प्रेसरची थरथर हेडपर्यंत पोहोचत नाही.

पावसाळ्याबद्दल. जुलैत मुंबईतला दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. चेंबर उघडताना आत बाहेरची हवा न घेता कोरडा नायट्रोजन घ्यावा, आणि चकती पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण काढू नये. भिंतींना धरलेले पाणी पुढच्या खेपेला सगळ्यांत थंड पृष्ठभागावर जाऊन गोठते आणि चकचकीत कवच प्रारणाच्या दृष्टीने काळे करते. कॉम्प्रेसर पाण्यावर चालणारा असेल तर चिलरचे पाणीही दवबिंदूच्या खाली ठेवू नका. कॅबिनेटच्या आत नळ्यांना घाम येतो आणि ते पाणी विजेच्या जोडण्यांवर ठिबकते.

माटुंगा_भौतिकशास्त्र

सर्वांचे मनापासून आभार. सुचवलेले बहुतेक बदल झाले आहेत. बिनकल्हईच्या दोन आखूड वेण्या दाबून केलेल्या ठोकळ्यांत बसवल्या, दोन्ही सांध्यांत इंडियम घातले, चार-चार बोल्टांखाली बेलेव्हिल वॉशर दिले, भरीव खांबांच्या जागी नळ्या आल्या आणि मायलर गुंडाळलेले कवच टोकाला जोडले. आता टोक ४३ केल्विनवर आणि चकती ४६ केल्विनवर स्थिरावते. पुन्हा १ वॅट देऊन पाहिले, तर फरक अडीच केल्विनने वाढतो. म्हणजे चकतीवरचा भार सव्वा वॅटच्या आत आला आहे. टोक थोडे गरम झाले ते कवचाच्या भारामुळे, हे विद्यार्थ्यांनीच हिशेब करून मला दाखवले.

चकतीवरच्या हीटरने तापमान सावकाश वर नेत रोधाचा आलेख घेतला. ९० च्या पुढे रोध शून्यावरून उठतो आणि दोन-तीन केल्विनांत पूर्ण वर येतो. उतरताना आणि चढताना दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात. वर्गातल्या मुलामुलींनी तो उतार स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा काढला.

बेलोजची चौकट अजून व्हायची आहे. एक पुढचा प्रश्न विचारतो. पुढेमागे दुटप्पी कोल्ड हेड मिळाला, तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९४ च्या सुमारास ज्यांच्यावर पायाभूत काम झाले, त्या निकेल बोरोकार्बाइड या अतिसंवाहकाचा नमुना ठेवण्याची इच्छा आहे. त्याचे संक्रमण १५ केल्विनच्या आसपास असते. हीच वेणी तिथे चालेल का?

शून्याजवळ

वेणी चालेल, पण तिथे तांब्याची शुद्धता निर्णायक ठरते. ८० केल्विनला बऱ्या आणि उत्तम तांब्यात फरक थोडा असतो. २० केल्विनला तो अनेक पटींचा होतो. ज्या तांब्याचा विद्युत रोध खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत शंभरपट उतरतो, त्याची उष्णतावाहकता २० केल्विनजवळ मीटर-केल्विनला २४०० वॅटच्या घरात जाते, म्हणजे खोलीतल्या वाहकतेच्या सहापट. फॉस्फरस मिसळलेल्या तांब्यात ही वाढ होतच नाही, उलट वाहकता घसरते. वेणी ओढताना आणि प्रेसखाली दाबताना तांबे कठीण होते, त्यानेही हा गुण कमी होतो. निर्वात भट्टीत तापवून मऊ करून घेतल्यास तो बऱ्याच अंशी परत मिळतो. वेणीचा एक तुकडा आणि दबलेल्या ठोकळ्याची एक पट्टी बाजूला ठेवा, आणि त्यांचा रोध खोलीत आणि द्रव नायट्रोजनमध्ये मोजा. पक्की परीक्षा ४ केल्विनलाच होते. तरी दोन नमुन्यांपैकी भेसळीचा कोणता, हे ७७ केल्विनलाही ओळखू येते.

कवच त्या वेळी पहिल्या टप्प्याला जोडावे, दुसऱ्याला नाही. दुसऱ्या टप्प्याची क्षमता थोडी असते आणि ती सगळी नमुन्यासाठी राखावी लागते. वायरीही आधी पहिल्या टप्प्याला आणि मग दुसऱ्याला, अशा दोन ठिकाणी गुंडाळून पुढे न्याव्यात.

सेवा_अभियंता_ठाणे

दुटप्पी हेडसाठी माझ्याकडून एक भर. दोन्ही टप्प्यांच्या मधली नळी फार पातळ भिंतीची असते. दुसऱ्या टप्प्यावर बोल्ट आवळताना टोकाचा ठोकळा दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, जेणेकरून पिळाचा जोर त्या नळीवर येणार नाही. नळी किंचित जरी पिळली, तरी आतला डिस्प्लेसर (मागेपुढे सरकणारा दट्ट्या) घासू लागतो आणि ठोक्याचा आवाज बदलतो.